स्वयंसेवकाला काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संघटनेत सतत उपद्रव करणाऱ्या सभासदाचे काय करावे, हा विषय आपण मला दिला आहे. तो आपल्यापैकी अनेकांना केवळ तात्त्विक वाटत नसणार, याची मला कल्पना आहे. पगारी कामगाराला काढायचे तर कायदा आडवा येतो, युनियन आडवी येते. स्वयंसेवकाला संघटनेशी बांधून ठेवते ती केवळ त्याची इच्छा. म्हणून त्याला शिक्षा करणे सोपे असते, आणि ती न्याय्य होती हे इतरांना पटवणे मात्र कठीण.

उदाहरण विकिपीडियाचे घेतो. २००१ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश जगभरचे लोक विनामोबदला लिहितात. मराठीतही हे काम २००३ पासून चालू आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखकांनी भांडणे मिटवण्यासाठी पायऱ्या बांधल्या. आधी उभयतांनी आपसांत बोलावे, मग तटस्थाचे मत घ्यावे, मग सर्वांसमोर प्रश्न मांडावा, आणि कशानेच भागले नाही तर लवाद समितीकडे जावे. २००४ पासून काम करणारी ही समिती लेखकांमधून, लेखकांच्याच मतदानाने निवडली जाते. तेथील एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवणाऱ्यास काही काळ रोखता येते. बरोबर कोण, हे तो नियम विचारीत नाही. बरोबर असलेल्यालाही थांबवतो. आपल्याकडचे निम्मे उपद्रवी सभासद मुद्द्यावर बरोबरच असतात, हे विसरू नका!

परंतु जून २०१९ मध्ये या पायऱ्या ओलांडल्या गेल्या. सर्व्हर आणि निधी ज्या विकिमीडिया फाउंडेशनच्या हाती आहेत, तिने सॅन फ्रान्सिस्कोहून एका जुन्या प्रचालकाला एक वर्षासाठी बंदी केली. तक्रार कोणाची, पुरावा काय, हे तक्रारदारांच्या सुरक्षिततेस्तव गुप्त ठेवण्यात आले. अपिलाची सोय नव्हती. तो प्रचालक सर्वांचा लाडका होता असे नव्हे. त्याच्या कठोर भाषेवर अनेकांचा राग होता. तरीही वीसहून अधिक प्रचालकांनी निषेधार्थ आपली पदे सोडली. साधने ज्याच्या हाती, त्याच्याच हाती न्याय, ही गोष्ट श्रम करणाऱ्यांना मान्य होणार तरी कशी? अखेर प्रकरण लवाद समितीकडे आले. सप्टेंबरमध्ये तिने बंदी उठवली, पण प्रचालकपद परत दिले नाही. हा निकाल लोकांनी बव्हंशी स्वीकारला, कारण तो त्यांनी निवडलेल्यांचा होता.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार असताना १९५४ साली पोलिसांनी गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस डॉ. लोहिया यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. पुढे १९५५ साली पक्षनेतृत्वावर टीका केल्याबद्दल मधु लिमये निलंबित झाले, पाठोपाठ लोहियांवरही कारवाई झाली, आणि ते वर्ष संपता संपता वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. प्रश्न गोळीबाराचा होता, काँग्रेसशी सहकार्याचा होता. त्यांची उत्तरे शिस्तभंगाच्या ठरावांनी शोधली गेली. माझ्या मते ही चूक केवळ एका गटाची नव्हती. पण कारवाईचे हत्यार नेतृत्वाच्याच हाती होते.

तथापि फाउंडेशनची बाजू मी उडवून लावणार नाही. छळ सोसणाऱ्याला भर सभेत उभे राहून पुरावे द्यायला लावणे, हाही अन्यायच आहे. तो बहुधा उभा राहत नाहीच, मुकाट्याने निघून जातो, आणि आपण त्याला ‘निष्क्रिय’ म्हणून यादीतून खोडतो. त्या लवाद समितीनेही तक्रारींची कागदपत्रे आरोपीला दाखवली नाहीत, केवळ सारांश दिला. माझे मन त्याविषयी अजून पुरते स्वस्थ नाही. तक्रारदाराचे नाव झाकता येईल, आरोप झाकता येणार नाही, येथवर मी येऊ शकतो.

दुपारच्या सत्रात आपापल्या शाखेची घटना सोबत आणावी. निलंबनाला मुदत आहे काय, तक्रार ज्याच्याविरुद्ध तोच निर्णयाला बसतो काय, आणि अपील कोणाकडे करायचे, ही तीन कलमे आपण प्रत्येक घटनेत शोधून पाहू.