जुनी आल्टो की जुनी वॅगन आर?

भोपाळमध्ये जुनी छोटी गाडी शोधताना
बरेचदा दोन नावं समोर येतात...
आल्टो आणि वॅगन आर.

वॅगन आर उंच.
आजी-आजोबांना चढता-उतरताना वाकावं लागत नाही.
आल्टो बुटकी, हलकी...
जुन्या शहराच्या गल्लीत सहज वळते.

पण नुसत्या नावावर जाऊ नका.
दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा.
श्यामला हिल्सचा चढ यासाठी फार चांगला.
घरची चार माणसं बसवा...
एसी लावा... आणि चढा.
क्लच झिजला असेल,
तर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही.
सपाट रस्त्यावर हे चटकन कळत नाही हो.

निघण्यापूर्वी बॉनेटला हात लावा.
गरम लागलं?
मग गाडी आधीच सुरू करून ठेवली असेल.
दुसऱ्या दिवशी सकाळी जा.
थंड इंजिन कसं सुरू होतं, तेच तर बघायचंय.
निळसर धूर आला, तर ऑइल जळतंय.

पुन्हा सांगते...
एकच दिवस, एकच रस्ता, दोन्ही गाड्या.

आणि आरसी नीट वाचा.
खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते.
त्यातली किती उरली, ते मोजा.
आरसीवर बँकेचं नाव दिसलं,
तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र बघेपर्यंत...
विसारसुद्धा देऊ नका.