शिकवणी लावावी काय?

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले, की बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो : मुलाला शिकवणी लावावी काय? शेजारच्याने लावली म्हणून आपणही लावावी, असा विचार त्यामागे पुष्कळदा असतो. परंतु तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घरात शिकवणीचा पैसा कोठेतरी पोटाला चिमटा घेऊनच उभा राहतो. अशा वेळी मुलाची शिकवणी सुरू होते आणि मुलीची 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून राहून जाते. म्हणून हा निर्णय देखादेखीने होऊ नये.

या भागाची अडचण थोडी वेगळी आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलाचे शिक्षण मात्र निकालासाठी थांबू शकत नाही. मराठी शाळेतील मुलाला कन्नडही लिहावे-वाचावे लागते. २०१५ साली कर्नाटकाने कायदा करून शाळांतून कन्नड शिकविणे आवश्यक ठरविले. आईवडिलांना बाजारापुरते कन्नड बोलता येत असले, तरी लिपी येतेच असे नाही. पुढे दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली, की मराठीतून शिकलेले सारे इंग्रजीतून समजून घ्यावे लागते. या दोन वळणांवर हुशार मूलही अडखळते.

मग जादा शिकविल्याने लाभ होतो काय? याचा कस पाहणारा एक प्रयोग मुंबई व बडोदे येथील शाळांत झाला. 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतीलच एखादी तरुणी, वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच सुमारे दोन तास वेगळे बसवी आणि वाचन व अंकगणिताचा पाया पक्का करून घेई. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्युफ्लो हे त्यांपैकी दोघे. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उलट, ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातील गर्दी कमी झाली, तरी तेथे उरलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभरात मिळालेल्या लाभाचाही बराच भाग ओसरला.

हा उपक्रम विनामूल्य होता. तथापि पैसे मोजणाऱ्या पालकाला त्यातून बोध घेता येतो. मूल जेथे अडले आहे तेथून आरंभ करणारी शिकवणी उपयोगी पडते. शाळेतला धडा संध्याकाळी पुन्हा वाचून दाखविणारी शिकवणी मुलाचा खेळ आणि झोप तेवढी हिरावून घेते.

म्हणून शिकवणी ठरविण्यापूर्वी मुलाला दोन इयत्ता खालच्या पुस्तकातील एक उतारा वाचावयास द्यावा, भागाकाराची दोन उदाहरणे घालावीत आणि वर्गशिक्षकांना भेटून नेमके कोठे अडते ते विचारावे. अडचण एका वाक्यात सांगता आली, तरच शिकवणीचा विचार करावा. शिकविणाऱ्याला विचारावे, की एका वेळी किती मुले असतात आणि मागील इयत्तेचे राहिलेले ते घेतात काय. प्रथम तीन महिन्यांचीच मुदत ठरवावी. अखेरीस तोच उतारा व तशीच उदाहरणे पुन्हा देऊन फरक पाहावा. फरक नसेल, तर शिकवणी बंद करण्यात संकोच बाळगू नये.

कायद्याची माहितीही असावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. मोठ्या शिकवणीवर्गांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत प्रवेश देऊ नये, आणि पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे.

कन्नडची गोष्ट निराळी. ती भाषा येथे दारातच आहे : बसच्या पाट्यांवर, दुकानांच्या फलकांवर, शेजारच्या घरात. लिपी ओळखीची होईपर्यंत कोणाची तरी मदत लागते. शेजारची कन्नड मुलगी रोज अर्धा तास वाचून घेईल आणि तिच्या धाकट्या भावाला इकडचे मूल गणित शिकवील, तर दोन्ही घरांचा पैसा वाचेल.

तो वाचलेला पैसा खऱ्या गरजेच्या वेळी कामी यावा. बाराव्या वर्षी अपूर्णांक न कळलेल्या मुलीला तीन महिने नीट शिकविणारे कोणी मिळाले, तर तेथे हात आखडता घेऊ नये. शिकवणीचे मोल मूल किती तास बसले यावर ठरत नाही. जे काल येत नव्हते ते आज कोणाच्या मदतीवाचून करता येते काय, यावर ते ठरते. आणि हा हिशेब मुलाइतकाच मुलीसाठीही मांडला गेला पाहिजे.