पडद्यावरची घरे आणि आपले घर
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



अलीकडचे चित्रपट व मालिका यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही समीक्षक नव्हे, साधे प्रेक्षक. तेव्हा ही मते प्रेक्षकाचीच समजून गोड मानून घ्यावीत.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. परंतु त्याच्या लहरी बंगळूरपर्यंत पोहोचत नव्हत्या. चिमणराव आणि गुंड्याभाऊंना भेटायचे तर सुटीत मुंबई-पुण्याच्या आप्तांचे घर गाठावे लागे. १९९९ साली उपग्रहावरून ‘अल्फा मराठी’ वाहिनी आली आणि ‘आभाळमाया’ इथल्या दिवाणखान्यांतही दिसू लागली. आज तर मालिकांना अंत नाही. मात्र त्यांतील पुष्कळशा घरांत माणसे झोपतानाही दागिने उतरवीत नाहीत, आणि एक कारस्थान उघडकीस येण्यास चार महिने लागतात! तरीही आम्ही त्यांना सरसकट नावे ठेवणार नाही. इथे जन्मलेल्या मुलांच्या कानांवर रोज अर्धा तास मराठी पडते ते बहुधा आजीच्या मालिकेमुळेच. फिर्याद एवढीच, की त्या घरांत आपले घर ओळखू येत नाही.

ते ओळखू येते चित्रपटांत. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२५ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकू पाहते. आणि पाहुण्यांपुढे बसून नाव, शिक्षण, उंची हीच उत्तरे पुनःपुन्हा देते. आरंभी स्वप्नात मात्र बायकाच एका मुलाला प्रश्न विचारतात. प्रेक्षागृहात तेव्हा हशा पिकतो. पुढे तेच प्रश्न सविताला विचारले जातात, तेव्हा तो विरून जातो. हे खेड्यातले आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. ‘मुलगा बंगळूरला नोकरीस’ हे लग्नाच्या बाजारातले वजनदार वाक्य आहे, आणि त्या वजनाचा लाभ आपल्यापैकी कित्येक घरांनी घेतला आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. जानेवारीत त्याला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले होते. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेल्या आनंदला नातेवाईक लग्नाचे विचारतात. त्याचे मन मात्र बालमित्र बाळ्याकडे ओढ घेते. हा विषय मुलांसमोर कसा पाहावा, अशी शंका काहींना येईल. आमचे मत असे, की मोठ्या मुलांसमवेत तो अवश्य पाहावा. आपल्या घरात काय बोलता येते, हे मुलांना असल्याच प्रसंगी कळते.

आणि नुसता आनंद हवा असेल तर ‘दशावतार’ आहे. एकेकाळचे दूरदर्शनवरील चिमणराव, दिलीप प्रभावळकर, यांनी ऐंशी वर्षांचे झाल्यावर त्यात कोकणातला वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला. आजोबा आणि नातू दोघांनाही टाळी वाजविता येईल असा नट विरळाच.

आपली ही कर्मभूमी चित्रपटाच्या बाबतीत परकी नाही. कन्नडमधला पहिला प्रदर्शित बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) तयार झाला तो कोल्हापुरात. गिरीश कार्नाड यांनी ‘उंबरठा’त (१९८२) स्मिता पाटील यांच्यासमवेत काम केले. ‘सैराट’ (२०१६) कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) झाला, तेव्हा नायिका रिंकू राजगुरू हीच होती. आम्हाला मूळ चित्रपट अधिक भावतो. त्याचा जीव करमाळ्याकडच्या बोलीत आहे. परंतु कन्नड शेजाऱ्याशी त्यावर वाद घालण्यात मौज आहे.

अडचण प्रेक्षकांची आहे. मराठी चित्रपट या शहरात एखाद्या आडवेळी, थोडेच दिवस लागतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की उतरतो. म्हणून आमची एक सूचना. चित्रपट लागताच मंडळाने सभासदांना कळवावे, पहिल्याच रविवारी घरटी सर्वांनी जावे, आणि परतताना मुलांना त्यांचे मत विचारावे. मत आपल्याविरुद्ध असले तरी चालेल. ते त्यांनी मराठीत मांडावे, आणि शब्द अडला तर आपण धीर धरावा.