मॅप म्हणतो 'पोहोचलात', पण दार कुठंय?

आज बोलूया एका साध्या गोष्टीबद्दल. डोळ्यांना दिसत नसेल, तर रस्त्यावर फोन किती कामाला येतो?

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग चूक आणखी वाढते. गाडीवाल्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. पण दृष्टिहीन माणसासाठी एवढ्यात फूटपाथ संपून रस्ता सुरू होतो!

म्हणून पांढरी काठी आजही लागतेच. खड्डा, पायरी, दगड तिला कळतात. पण लोंबणारी फांदी किंवा उभ्या ट्रकची मागची कड? ती थेट कपाळावर बसते. यासाठी आयआयटी दिल्लीत 'स्मार्टकेन' तयार झालं, २०१४ मध्ये ते लोकांच्या हातात आलं. काठीच्या मुठीवर बसणारं हे यंत्र वटवाघळासारखं, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतं. तो आपटून परत आला की तीन मीटरपर्यंतचा अडथळा कळतो आणि मूठ थरथरते. आता थरथरच का, आवाज का नाही? कारण कान मोकळे हवेत. रिक्षा कुठून येतेय, हे कानांनीच तर ओळखायचं असतं.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये 'साउंडस्केप' ॲप आणलं. ठिकाण डावीकडे असेल, तर आवाजही डावीकडूनच यायचा. भारी ना? पण २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. ज्यांच्या रोजच्या चालण्यात ते मुरलं होतं, त्यांनी काय करायचं? नशिबाने कोड सगळ्यांसाठी खुला केला होता, त्यावरून इतरांनी नवी ॲप्स बनवली.

आता आपलं काम. एक, या ॲपचा नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'वरून यायचा आणि त्यात कुणीही भर घालू शकतं. तुमच्या चौकातलं क्रॉसिंग, पायऱ्या, बसस्टॉप टाका. दोन, फूटपाथवरच्या त्या पिवळ्या फरश्या. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा. त्यावर बाईक लावलीत, तर कुणाचा तरी रस्ताच बंद केलात. तीन, मदत करायची असेल तर आधी विचारा. हात धरून ओढू नका, आपला कोपर पुढे करा.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत. हा भाग त्या बाईकवाल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!