सरासरी जिची कमी, ट्रॉफी मात्र दुसरीला



आजचा विषय गोल्फ. थांबा, थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! गोल्फची स्टिक मीसुद्धा आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. तुम्हाला इतकंच माहीत असलं तरी पुरे: १८ होल असतात, साधारण ७२ फटक्यांत ते संपवायचे, आणि फटके जितके कमी तितकं चांगलं. म्हणजे धावांच्या बरोबर उलट. शिवाय आज आपण खेळाबद्दल कमी आणि बक्षिसांबद्दल जास्त बोलणार आहोत. सीझन संपला की जी बक्षिसं देतात ना, ती. ती कोणाला मिळतात, आणि मुख्य म्हणजे कोणाला मिळत नाहीत.

२०२१ साल घ्या. अमेरिकेतली एलपीजीए ही बायकांच्या व्यावसायिक गोल्फमधली सगळ्यात मोठी टूर. तिथे वर्षभराची सरासरी सगळ्यात कमी ठेवणाऱ्या खेळाडूला वेअर ट्रॉफी देतात. त्या वर्षी नेली कोर्डाची सरासरी होती ६८.७७ आणि जिन यंग कोची ६८.८७. दोघींनी वर्ष गाजवलं होतं. नेलीने टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. जिन यंग कोने फ्लोरिडातल्या शेवटच्या स्पर्धेत, शेवटच्या दिवशी ६३ फटक्यांत फेरी संपवली, स्पर्धा जिंकली आणि 'प्लेअर ऑफ द इयर'ही झाली. मग वेअर ट्रॉफी कोणाला मिळाली?

लिडिया कोला. सरासरी ६९.३३.

आता म्हणाल, हे काय? गणित कच्चं आहे का त्यांचं? नाही. नियम असा होता की वर्षात किमान ७० फेऱ्या खेळलेल्या हव्यात. नेली आणि जिन यंग को, दोघींच्या तेवढ्या फेऱ्या भरल्या नव्हत्या. लिडियाच्या भरल्या होत्या. विषय संपला.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे पटकन समजेल. वेस्ट इंडीजचा अँडी गँटॉम कसोटीत आयुष्यभरात एकच डाव खेळला आणि त्यात ११२ धावा केल्या. सरासरी ११२! ब्रॅडमनपेक्षा जास्त. पण म्हणून कोणी त्याला ब्रॅडमनच्या वर बसवत नाही. यादीत यायचं तर किमान काही डाव खेळावे लागतात.

डोक्याला हे पटतं. मला मात्र पचायला वेळ लागला, आणि त्याला कारण आहे.

मी पूर्वी एका कंपनीत फोनवरून विक्री करायचे. वर्षाच्या शेवटी 'बेस्ट परफॉर्मर'ची ट्रॉफी असायची. काचेची, खाली लाकडी ठोकळा, त्यावर नाव. त्या वर्षी महिन्याची सरासरी काढली तर मी सगळ्यांच्या पुढे होते. पण मध्ये बाबांची बायपास झाली आणि मी अडीच महिने घरी होते. कार्यक्रमाच्या दिवशी कळलं की किमान दहा महिने हजेरी लागते. ट्रॉफी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. मग वॉशरूममध्ये जाऊन रडले.

तेव्हा वाटलं होतं, किती अन्याय आहे हा! मी काय मजा करायला घरी बसले होते का?

म्हणून २०२१ चा हा किस्सा वाचला तेव्हा आधी मी नेलीच्या बाजूने होते. मग ही ट्रॉफी आली कुठून ते शोधायला लागले, आणि ती गोष्टच सुंदर निघाली.

एलपीजीए १९५० मध्ये सुरू झाली. संस्थापक कोण? १३ बायका, आणि त्या स्वतःच खेळाडू. त्यांच्यापैकी बेटी जेम्सनने १९५२ मध्ये ही ट्रॉफी दिली. नाव मात्र स्वतःचं नाही दिलं. नाव दिलं ग्लेना कॉलेट वेअरचं. ग्लेनाने अमेरिकेची महिला अमॅच्युअर स्पर्धा सहा वेळा जिंकली होती, पण ती कधीच व्यावसायिक झाली नाही. तिच्या ऐन भरात बायकांसाठी अशी टूरच नव्हती! म्हणजे जिला ही दारं कधी उघडलीच नाहीत, तिच्या नावाने ट्रॉफी. १९५३ मध्ये ती पहिल्यांदा दिली गेली, पॅटी बर्गला. तीही त्या १३ जणींतलीच. नवीन खेळाडूला मिळणारा 'रूकी ऑफ द इयर' पुरस्कार आज लुईस सग्जच्या नावाने देतात. तीही त्यांच्यातलीच.

आणि आता गंमत बघा. तिथे 'प्लेअर ऑफ द इयर' ठरवायला कमिटी बसत नाही, मतदान होत नाही. पॉइंट असतात. स्पर्धा जिंकली की ३०, दुसरी आलात की १२, तिसरी आलात की ९, असं उतरत उतरत दहाव्या नंबरपर्यंत. मेजर स्पर्धा असेल तर दुप्पट. कोण कोणाची लाडकी, कोण कॅमेऱ्यासमोर गोड बोलते, याला इथे जागाच नाही. जानेवारीत पहिला फटका मारायच्या आधी प्रत्येकीला माहीत असतं की वर्षभर काय मोजलं जाणार आहे.

इथे माझी ट्यूब पेटली. माझं दुखणं नियमाचं नव्हतंच. नियम मला आधी कोणी सांगितला नव्हता, हे खरं दुखणं होतं.

बरं, पुढे ऐका. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. नेलीने सात स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या पाच सलग. 'प्लेअर ऑफ द इयर' तीच. पण सरासरीची ट्रॉफी गेली जपानच्या आयाका फुरुएला. सरासरी ७० च्या अगदी किंचित खाली. नेलीची आणि थायलंडच्या जीनो थिटिकुलची, दोघींचीही सरासरी फुरुएपेक्षा चांगली होती, पण फेऱ्या कमी पडल्या. जीनोचा तर अंगठा दुखावला होता, सीझनची सुरुवातच हुकली होती. आता अंगठा दुखावला यात तिची काय चूक?

काहीच नाही. पण फुरुए वर्षभर मैदानावर उभी राहिली, यात तिची तरी काय चूक?

त्याच नोव्हेंबरमध्ये शेवटची स्पर्धा झाली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, मी पांघरुणात मोबाईल धरून बसलेले. दोन होल उरलेत आणि जीनो एंजल यिनच्या दोन फटके मागे. १७ व्या होलवर ईगल, १८ व्यावर बर्डी, आणि एका फटक्याने जिंकली! बक्षीस ४० लाख डॉलर. मी इतक्या जोरात ओरडले की आई उठून आली.

आणि २०२५ मध्ये जीनोच्या फेऱ्या भरल्या. सरासरी ६८.६८१. एलपीजीएच्या इतिहासातली सगळ्यात कमी! आधीचा विक्रम आनिका सोरेनस्टामचा, २००२ मधला, ६८.६९७. त्या वर्षी आनिकाने टूरवर ११ स्पर्धा जिंकल्या होत्या. फरक किती, तर ०.०१६. याला सत्तर-पंचाहत्तर फेऱ्यांनी गुणा. उत्तर येतं एक. संपूर्ण वर्षात जेमतेम एक फटका! कुठल्या तरी स्पर्धेत, कुठल्या तरी दिवशी, कोणी बघत नसताना होलमध्ये गेलेला एखादा छोटासा पट. त्याच वर्षी 'प्लेअर ऑफ द इयर'ही तीच, आणि शेवटची स्पर्धाही सलग दुसऱ्यांदा तिचीच.

एका फटक्याची किंमत आपल्यालाही माहीत आहे म्हणा. २०१६ मध्ये युरोपच्या टूरवर 'रूकी ऑफ द इयर' झालेली आपली अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. पदक हुकलं एका फटक्याने. त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघणारे कितीतरी जण होते. मी त्यांच्यातलीच.

आणि कांस्य कोणाला मिळालं होतं? याच लिडिया कोला. तिची वेअर ट्रॉफी कुठे कामाला आली, तेही सांगते. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमलाही पॉइंट लागतात, २७. साध्या विजयाला एक, मेजरला दोन, 'प्लेअर ऑफ द इयर'ला एक, वेअर ट्रॉफीला एक, ऑलिम्पिक सुवर्णालाही एक. २०२४ मध्ये पॅरिसला तिने सुवर्ण जिंकलं आणि २७ पूर्ण झाले. वयही तेव्हा २७ च! त्या २७ मधला एक पॉइंट २०२१ चा, सत्तर फेऱ्या भरल्याचा.

मला आता असं वाटतं की बक्षीस 'सगळ्यात भारी कोण' हे सांगत नाही. विचारलेल्या एका प्रश्नाचं ते उत्तर असतं. 'सगळ्यात चांगलं कोण खेळलं' हा एक प्रश्न. 'वर्षभर येऊन, राबून, सगळ्यात चांगलं कोण खेळलं' हा वेगळा प्रश्न. दोन्ही खरे. फक्त कुठला विचारणार, ते आधी सांगा.

माझ्या त्या अडीच महिन्यांत माझ्या ग्राहकांचे फोन कोण घेत होतं, माहितीये? तीच, शेजारच्या खुर्चीवरची. स्वतःचं काम सांभाळून. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रडताना आठवलं नव्हतं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, "तुझं अभिनंदन राहिलंच होतं गं, त्या ट्रॉफीचं." ती म्हणाली, "कसली ट्रॉफी? ती होय! ती तर घर बदलताना फुटली." आणि मग विचारलं, "बाबा कसे आहेत?"

बाबा छान आहेत. सकाळी चालायला जातात.

चला मंडळी, तुमची अशी एखादी हुकलेली ट्रॉफी असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.