औषधखिडकीपासून कारभाराच्या मेजापर्यंत

(औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गरीब माणसाचा प्रवास औषधाच्या खिडकीपाशी संपतो. पहाटेची एस.टी. पकडून तो येतो, केसपेपर काढतो, बाह्यरुग्ण विभागासमोर ताटकळतो, डॉक्टरांना दाखवतो आणि शेवटी चिठ्ठी घेऊन त्या खिडकीसमोर उभा राहतो. आतून उत्तर येते : ‘हे संपले आहे, बाहेरून घ्या.’ या एका वाक्याने मोफत उपचाराचा त्याचा हक्क संपुष्टात येतो. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला तो माणूस बाहेरच्या दुकानात पैसे मोजतो, नाहीतर चिठ्ठी खिशात घालून घरी परततो. त्याचा संताप निघतो तो खिडकीमागच्या माणसावर. परंतु मागणीपत्रातील आकडा कोणी कापला, निविदा कोठे अडली, पुरवठादाराने माल का पाठवला नाही, यांपैकी एकाही गोष्टीवर त्या खिडकीमागच्या माणसाचा अधिकार चालत नाही. तुटवड्याचा दोष त्याच्या माथी, आणि तुटवड्याची कारणे त्याच्या हाताबाहेर, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

रुग्णालयाच्या कारभारात औषधनिर्मात्याला नेतृत्वाचे आणि प्रशासनाचे शिक्षण का द्यावे, या प्रश्नाचे मूळ येथे आहे. एका व्यवसायाची प्रतिष्ठा वाढवण्यापुरता हा विषय मर्यादित असता, तर त्यासाठी एवढा वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. औषध हे ज्याला कळते त्याच्या हाती निर्णय नाही आणि निर्णय ज्याच्या हाती आहे त्याला औषधाकडे पाहण्यास सवड नाही. या फारकतीची किंमत रुग्ण मोजतो, आणि म्हणून हा लोकांचा प्रश्न आहे.

ही फारकत जुनी आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ साली देशातील औषधव्यवहाराची पाहणी केली आणि औषधांच्या दर्जावर व औषधे देणाऱ्याच्या व्यवसायावर कायद्याचे नियंत्रण असावे असे सुचवले. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. कंपाउंडर म्हणून ओळखला जाणारा माणूस नोंदणीकृत व्यावसायिक झाला. सरकारी दप्तरातही मिश्रकाचा औषधनिर्माता आणि औषधनिर्मात्याचा औषधनिर्माण अधिकारी झाला. नावात अधिकारी आला. अधिकार मात्र त्याच्यामागून आला नाही. खरेदी समितीची बैठक भरते तेव्हा हा अधिकारी बहुधा दाराबाहेर कागद घेऊन उभा असतो.

अशा व्यवस्थेत काय घडू शकते हे महाराष्ट्राने १९८६ साली पाहिले आहे. त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन देण्यात आलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे, चवीला गोड आणि मूत्रपिंडाला मारक असे द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या चौकशी आयोगाने १९८७ च्या अखेरीस दिलेल्या अहवालाने रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्रालय या तिन्ही पातळ्यांवरील बेपर्वाई व गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. दोषी कोण, हे आयोगाने सांगितले. त्यापुढचा एक प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. भांडारात माल उतरल्यापासून तो रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत किती हातांतून जातो, आणि त्यांतील कोणत्या हाताला ‘या मालाची तपासणी झाल्याखेरीज तो पुढे जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आहे? ज्या रुग्णालयात या प्रश्नाचे उत्तर एका माणसाकडे बोट दाखवून देता येत नाही, ते रुग्णालय दैवावर चालले आहे असेच म्हटले पाहिजे. हे विष इतिहासजमा झालेले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच द्रव्याने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. ते औषध खाजगी व्यवहारातून बालकांपर्यंत गेले हे खरे. पण औषधाच्या प्रवासात जागता पहारेकरी नसला म्हणजे काय होते, याची ती ताजी साक्ष आहे.

‘नाही’ म्हणण्याचे धैर्य शिकवता येते काय? धैर्य स्वभावाचे असते. परंतु ते टिकते ज्ञानावर आणि पदावर. यांपैकी ज्ञानाचा विचार प्रथम करू. पदविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यानंतर पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम. १९९१ च्या शिक्षण विनियमांत व्यवस्थापनाचा एक विषय होता, आणि तो होता औषध दुकानाच्या व्यवस्थापनाचा. २०२० च्या नव्या विनियमांतही व्यवस्थापन हा शब्द दुकानातील व्यवसायाच्याच जोडीने येतो. रुग्णालयीन औषधशास्त्र हा विषय शिकवला जातो. साठा कसा ठेवावा, वाटप कसे करावे हे त्यातून कळते. पण अंदाजपत्रक वाचणे, निविदेच्या अटी लिहिणे, तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीपुढे पुराव्यानिशी मत मांडणे, हाताखालच्या माणसांची पाळी लावणे आणि त्यांना घडवणे, यांची तयारी त्यात होत नाही. २००८ साली फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी कर्तव्ये लिहून दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यांत क्लिनिकल फार्मासिस्टची भर घातली. शिक्षण वर चढले; सरकारी रुग्णालयांतील पदांची शिडी मात्र पहिल्या पायरीपाशीच अडखळली.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेत हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात पदवीधर औषधनिर्मात्यांना तेथेच राहून काम शिकण्याची सोय केली. त्या परंपरेतून आज रुग्णालयीन औषध विभागाचे प्रशासन आणि नेतृत्व शिकवणारे स्वतंत्र निवासी प्रशिक्षण उभे आहे. ब्रिटनचे उदाहरण समाजवादी विचाराच्या माणसाला अधिक जवळचे. तेथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पण रुग्णालयांतील औषधनिर्माते कमी वेतन आणि खुंटलेली बढती यांमुळे सेवेकडे पाठ फिरवू लागले. सर नोएल हॉल यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७० साली त्याचे निदान केले. लहान लहान रुग्णालयांचे औषध विभाग एका क्षेत्राखाली एकत्र आणावेत, त्या क्षेत्राची धुरा औषधनिर्मात्याकडे द्यावी, चढत्या पदांची रचना करावी आणि नित्याचे काम तंत्रज्ञांकडे सोपवावे, अशी त्याची दिशा होती. त्यातून औषधनिर्माता खिडकी सोडून कक्षात, रुग्णाच्या खाटेपाशी आणि समितीच्या मेजाशी जाऊ शकला.

परदेशाचे दाखले ऐकले की ‘आपल्याकडे हे चालणार नाही’ असे म्हणणारे भेटतात. त्यांनी तामिळनाडूकडे पाहावे. १९९४ साली तेथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. निवडक आवश्यक औषधांची यादी, एकत्रित खरेदी, जिल्हावार गोदामे, आणि आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची पद्धत त्याने बसवली. प्रत्येक रुग्णालयाला औषधांच्या रकमेचे पासबुक मिळाले. त्या रकमेतून कोणते औषध किती उचलायचे, हे रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचे. महाराष्ट्रात २०१७ पासून काही वर्षे खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे होते. २०२३ साली कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. यंत्रणा बदलणे आवश्यक असेल. पण खालून येणारे मागणीपत्रच गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवून लिहिलेले असेल, तर मुंबईतील कोणतेही प्राधिकरण त्यातून शहाणी खरेदी करू शकणार नाही. गरजेचा अचूक अंदाज रुग्णालयातच बांधावा लागतो, आणि तो बांधणारा माणूस घडवावा लागतो.

म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा कामातून निघाला पाहिजे. पहिला धडा गरजेच्या मोजमापाचा. औषधांची रकमेप्रमाणे अ, ब, क अशी वर्गवारी करता येते आणि महत्त्वाप्रमाणे जीवरक्षक, आवश्यक व ऐच्छिक अशीही. ॲड्रिनलिनची कुपी किमतीने अगदी स्वस्त. परंतु ती ऐन वेळी नसली तर त्या चुकीची भरपाई नाही. सर्पदंशाचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात आणि आपली खरेदी मार्चअखेरच्या घाईत होते. हा विसंवाद ज्याला दिसतो तो औषधनिर्माता, आणि तो दूर करण्याची रीत त्याला शिकवली गेली पाहिजे. दुसरा धडा दर्जाचा : तपासणी, शीतसाखळी, मुदतबाह्य साठा आणि संशयित माल रोखून धरण्याची लेखी पद्धत. तिसरा धडा औषध समितीचा. कोणते औषध यादीत ठेवावे आणि कोणते गाळावे, हे कंपनीच्या प्रतिनिधीच्या गोड बोलण्यावर न ठरता पुराव्यावर ठरावे, यासाठी समितीचे कामकाज चालवता आले पाहिजे. चौथा धडा हिशेबाच्या उघडेपणाचा. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्याची बातमी आली. औषधतुटवड्याचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला. अशा आरोपाचे उत्तर निवेदनाने द्यायचे नसते, साठा नोंदवहीने द्यायचे असते. कोणते औषध आज किती शिल्लक आहे, हे नागरिकाला दारावरच वाचता येईल असा कारभार हा नेतृत्वाचाच भाग होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, यामुळे डॉक्टरांच्या अधिकारावर अतिक्रमण होईल. वस्तुतः अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया, अपघात, न्यायालयाची समन्से आणि मंत्र्यांचे दौरे यांतून वेळ काढून औषधाच्या फायलीवर सही करतो. त्या सहीमागे जाणत्या सहकाऱ्याची जबाबदारी उभी राहिली, तर त्याचे ओझे हलकेच होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : यातून साहेबांची आणखी एक फळी तयार होईल. ही भीती निराधार नाही. नेतृत्व या शब्दाला खाजगी रुग्णालयांच्या बाजारात वेगळाच अर्थ आला आहे. तेथे औषध विभाग हा नफ्याचा झरा मानला जातो, आणि त्याचा प्रमुख विक्रीच्या आकड्यांवर जोखला जातो. सार्वजनिक रुग्णालयासाठी घडणाऱ्या माणसाची कसोटी उलटी असली पाहिजे : त्याच्या काळात किती रुग्णांना बाहेरची चिठ्ठी घ्यावी लागली नाही? प्रशिक्षणाची दारे मोठ्या पदव्यांपुरती उघडी ठेवणेही चुकीचे ठरेल. ग्रामीण रुग्णालयात वीस वर्षे खिडकी सांभाळलेल्या पदविकाधारकाला तालुक्याचे रोगमान तोंडपाठ असते. त्याला वगळून उभारलेले नेतृत्व कागदी राहील.

शेवटी पदाचा मुद्दा. प्रशिक्षण देऊन माणसाला पुन्हा त्याच खिडकीमागे, त्याच वेतनावर, त्याच मौनात बसवायचे असेल, तर शिबिरे भरवण्यात अर्थ नाही. रिक्त जागा भरणे, चढत्या पदांची रचना करणे, जिल्हा पातळीवर औषध विभागाचा जबाबदार प्रमुख नेमणे, खरेदी व औषध समित्यांवर त्याला मताधिकारासह स्थान देणे आणि संशयित माल रोखल्याबद्दल त्याची बदली होणार नाही असे संरक्षण देणे, या मागण्या संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच नेटाने मांडल्या पाहिजेत. त्या मांडताना रुग्णाला सोबत घेतले पाहिजे, कारण या मागण्यांचा खरा लाभधारक तोच आहे. तो उद्याही पहाटेच्या एस.टी.ने येईल. खिडकीशी त्याला औषध मिळाले, आणि ते औषध निर्धोक आहे याची हमी देणारा माणूस आत बसलेला असला, तर या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.