रस्त्याकाठची भिंत कोणाची?

पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकताना आपण आकाशाकडे पाहतो, पायांखालचा चिखल पाहतो. परंतु रस्त्याकाठच्या भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाही. काल ती उभी होती, आज उभी आहे, तेव्हा उद्याही उभी राहणारच, असा आपला समज असतो. तो समज किती कच्चा आहे, हे आम्हां विक्रोळीकरांस १८ जुलै २०२१ च्या पहाटे कळून चुकले. त्या अतिवृष्टीत चेंबूरच्या भारतनगरात घरांवर भिंत कोसळून १९, आणि आमच्या सूर्यनगरात दरड व घरे कोसळून १० माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची कुंपणभिंत वस्तीवर पडून तीसहून अधिक जीव गेले होते. ह्या भिंती घरांवर पडल्या हे खरे; परंतु रस्त्याकाठच्या भिंतीवरही तोच पाऊस पडतो. तिच्याखाली मात्र वाटसरू असतात, आणि ते रोज निराळे असतात.

विक्रोळीचा पश्चिमेकडील बराच भाग टेकडीच्या उतारावर वसलेला आहे. तेथे एकाचे अंगण दुसऱ्याच्या रस्त्याहून उंच असावयाचेच, आणि त्या अंगणाची माती भिंतीने धरून ठेवलेली असावयाची. अशा भिंतीचा खरा शत्रू तिच्या पाठीमागे साचणारे पाणी. माती भिजली की जड होते, आणि पाण्यास वाट मिळाली नाही म्हणजे ते भिंतीस पुढे रेटू लागते. म्हणून जाणता गवंडी भिंतीच्या अंगात, तळाकडे, ठराविक अंतराने भोके ठेवतो.

ही गोष्ट मी शिकलो ती पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा कारभार काही वर्षे मजकडे होता. आमच्या भिंतीच्या भोकांतून पदपथावर पाणी येई, शेवाळ धरे, लोक कुरकुरत. मी ती भोके सिमेंटने बुजवून घेतली, वर गुळगुळीत गिलावा केला, आणि मास्तरकीच्या सवयीने त्यावर सुवाच्य अक्षरांत एक सुविचारही रंगवून घेतला. पुढच्याच आषाढात भिंतीखाली केळी विकणारी बाई मला म्हणाली, “मास्तर, भिंतीला पोट सुटलंय, बघितलंत का?” पाहतो तो माझ्या सुविचाराच्या मधोमध उभी भेग गेलेली!

त्यानंतर जे घडले, ते सांगण्याचीही मला लाज वाटते. आमचे सभासद म्हणाले, भिंत रस्त्यावर आहे, तेव्हा ती सरकारी. कचेरीत गेलो तर उत्तर मिळाले, पदपथ आमचा, भिंत तुमची. कागदपत्रे, नकाशे, मोजणी ह्यांत दोन महिने गेले. आणि ते दोन महिने ती बाई त्याच भिंतीखाली टोपली मांडून बसत होती. पहिल्या दिवशी तिला तेथून हलवून दोन बांबू आडवे बांधावे, एवढे साधे आम्हांस सुचले नाही. अखेर भिंत आमच्याच हद्दीत निघाली, वर्गणी जमली, आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली ती नव्याने बांधली गेली. कोणास इजा झाली नाही, ह्याचे श्रेय आमच्याकडे मुळीच येत नाही.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याच्या कलम ३५४ मध्ये ‘भिंत’ हा शब्द स्पष्ट आहे, आणि जवळून जाणाऱ्या माणसाचाही विचार आहे. भिंत पडण्याजोगी दिसली तर आयुक्त मालकास वा भोगवटादारास लेखी नोटीस देऊन ती पाडावयास, सावरावयास वा दुरुस्त करावयास लावू शकतात. परंतु नोटीस द्यावयाची तर मालक ठाऊक हवा. ज्या भिंतीचा धनी ठरलेला नाही, ती दुरुस्तीवाचून तशीच उभी राहते.

म्हणून माझी सूचना अशी : रस्त्यालगतच्या प्रत्येक आधारभिंतीवर एक लहानशी पाटी असावी. भिंत कोणाची, कोणत्या साली बांधली, शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढ्या तीन ओळी पुरेत. आमच्या नव्या भिंतीवर सुविचाराच्या जागी आता तीच पाटी आहे.

गृहस्थांनी व गृहिणींनी आपल्यापुरते एवढे करावे. मृग लागण्यापूर्वी एकदा आपली भिंत बाहेरून, म्हणजे रस्त्यावर उभे राहून पाहावी. भोके मोकळी आहेत काय, पिंपळाने मूळ धरले आहे काय, मागे राडारोड्याचा ढीग रचला आहे काय, कोठे भेग वा फुगवटा आहे काय, हे न्याहाळावे. शंका आली तर आधी खालची जागा मोकळी करावी, १९१६ ह्या क्रमांकावर महानगरपालिकेस कळवावे, आणि मालकीचा वाद मागाहून घालावा.

केळेवाली बाई अजून तेथेच बसते. पाऊस जोराचा असला की भोकांतून पाणी वाहते, आणि ती आपली टोपली हातभर बाजूस सरकवते. त्या पाण्याविषयी आता आमच्या संस्थेत कोणी तक्रार करीत नाही.